ट्रेमोलो पेडल: लाट कोणाच्या तालावर चालते?

इलेक्ट्रिक गिटारच्या सगळ्या पेडल्समध्ये ट्रेमोलो हे बहुधा सगळ्यात साधं पेडल असेल. गिटारकडून येणारा आवाज ते ठरावीक वेगाने लहान-मोठा करतं. बस्स, एवढंच. कोणीतरी अँम्प्लिफायरचा व्हॉल्यूम नॉब धरून तो न थकता मागेपुढे फिरवत बसलंय असं समजा. पण याच पेडलचं एखादं परीक्षण वाचायला घ्या. आवाज "ऊबदार" आहे, "मखमली" आहे, "अस्सल विंटेज" आहे, असं पानभर वाचून झाल्यावर स्वतःला विचारा, नेमकं कळलं काय? विशेषणं काढून टाकली तर मागे काही उरतं का?

तुमच्यापैकी कोणी पेटची तयारी करत असेल, कोणाचा संशोधन आराखडा अर्धा लिहून झाला असेल. कोणाचा विषय इतिहास, कोणाचा भाषाशास्त्र, कोणाचा पदार्थविज्ञान. मग इथे गिटारचं पेडल कशाला? कारण तुम्हाला पुढे जे रोज करायचंय ते या छोट्या डब्यावर फार स्वच्छ दिसतं: समोर एक वस्तू आहे, तिच्यावर एक नाव छापलंय, तिच्याबद्दल वापरणाऱ्याची साक्ष आहे, आणि तिने केलेलं काम कानाने तपासता येतं. या चार गोष्टी एकमेकींशी जुळतातच असं नाही. जुळत नसतील तर कोणावर विश्वास ठेवायचा?

माझं म्हणणं आधीच मांडलेलं बरं. ट्रेमोलोचं मोल त्याच्या आवाजाच्या पोतात कमी आणि वेळेशी असलेल्या नात्यात जास्त आहे. गाण्यात वाजवणाऱ्याचा हात एक वेळ मोजत असतो आणि यंत्र दुसरी. त्या दोघांपैकी कोण कोणाच्या मागे चालतंय, यावर ट्रेमोलो चांगला वापरला की वाया गेला हे ठरतं. हा प्रश्न न विचारता केलेलं परीक्षण मला अपुरं वाटतं.

आधी नावाचा घोळ

संगीताच्या परीक्षा दिलेल्यांना नादाचे तीन गुण पाठ असतील: उंची, लहानमोठेपणा आणि जात. ही जुनी विभागणी इथे अगदी चपखल बसते. सुराची उंची वरखाली हलली तर तो व्हायब्रॅटो. लहानमोठेपणा हलला तर ट्रेमोलो. वाह-वाह पेडल पायाने दाबता तेव्हा मुख्यतः बदलते ती जात. पाश्चात्त्य गिटारच्या तीन वेगवेगळ्या इफेक्टना आपल्या पाठ्यपुस्तकातले तीन शब्द जसेच्या तसे लागू पडतात.

आता गंमत बघा. १९५४ मध्ये फेंडर कंपनीने स्ट्रॅटोकास्टर गिटार आणली. तिच्या ब्रिजला एक दांडी होती. ती दाबली की तारा सैल होतात आणि सूर उतरतो. म्हणजे हलते ती उंची. त्या यंत्रणेला कंपनीने नाव दिलं "सिंक्रोनाइझ्ड ट्रेमोलो". पुढच्याच वर्षी त्यांचा ट्रेमोलक्स नावाचा अँम्प्लिफायर आला. त्यातला इफेक्ट खरोखरच ट्रेमोलो होता आणि नावही बरोबर होतं. पण १९६० च्या दशकातल्या ट्विन रिव्हर्बसारख्या अँम्प्लिफायरांच्या पॅनेलवर त्याच आवाज लहान-मोठा करणाऱ्या इफेक्टच्या चॅनेलला नाव छापलं गेलं "व्हायब्रॅटो". एकाच कंपनीच्या गिटारवर एक शब्द उलटा आणि अँम्प्लिफायरवर दुसरा शब्द उलटा. गिटारवाले आजही त्या दांडीला ट्रेमोलो आर्म म्हणतात.

हा घोळ एकट्या फेंडरचा नाही. व्हायब्राफोन हे वाद्य घ्या. त्याच्या पट्ट्यांखालच्या नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या असतात. त्या नळ्या उघडतात आणि झाकतात, त्यामुळे मुख्यतः आवाजाचा लहानमोठेपणा हलतो. वाद्याच्या नावात मात्र व्हायब्रॅटोचं मूळ. मँडोलिनवर एकच सूर जलद छेडत राहिलं तर त्यालाही ट्रेमोलोच म्हणतात, म्हणजे शब्दाला तिसरा अर्थ आला. आणि आपल्याकडच्या अनेक पेट्यांवर एक ट्रेमोलोचा स्टॉप असतो. तो ओढला की हवेच्या वाटेवरची एक झडप फडफडते आणि सूर थरथरतो. तिथे नाव बऱ्यापैकी जागेवर आहे.

तुम्ही म्हणाल, नावात काय आहे? संशोधनात बरंच काही आहे. समजा, १९६० च्या दशकातल्या गिटारवादनात सुराची उंची हलवण्याची पद्धत किती रुळली होती, असा तुमचा प्रश्न आहे. तुम्ही जुने कॅटलॉग काढलेत, "व्हायब्रॅटो" शब्द असलेले सगळे अँम्प्लिफायर मोजलेत आणि तक्ता केलात. तक्ता नीटनेटका दिसेल, आकडेही बरोबर असतील, पण प्रकरण मुळातच चुकलेलं असेल. मोजला गेला शब्द. वस्तू बाजूलाच राहिली. वाईट गोष्ट म्हणजे हे तक्त्याकडे बघून कधीच कळणार नाही. ते कळण्यासाठी एकदा तरी तो अँम्प्लिफायर ऐकावा लागेल किंवा त्याचं सर्किट वाचावं लागेल.

डब्यात चालतं काय?

या इफेक्टची सुरुवातीची यंत्रं मजेशीर होती. १९४० च्या दशकात डीआर्मंड नावाने एक स्वतंत्र पेटी विकली जात होती. तिच्या आत वीजवाहक द्रवाची कुपी होती आणि एक मोटर ती हलवत असे. द्रव हिंदकळला की गिटारच्या सिग्नलचा काही भाग जमिनीकडे, म्हणजे अर्थला, जाई आणि आवाज लहान होई. द्रव मागे सरकला की आवाज पुन्हा मोठा. लाट या शब्दाचा इतका शब्दशः वापर दुसऱ्या कुठल्या पेडलमध्ये सापडणार नाही.

पुढे अँम्प्लिफायरमध्येच हे काम होऊ लागलं. काही सर्किटमध्ये व्हॉल्व्हचा बायस हलवत, तर १९६० च्या दशकातल्या फेंडरच्या अनेक मॉडेलमध्ये एक छोटा निऑन दिवा आणि प्रकाशाने रोध बदलणारा घटक, म्हणजे एलडीआर, एकत्र बसवत. दिवा लुकलुकतो, रोध बदलतो, आवाज हलतो. दिवा पेटतो-विझतो झटकन, पण एलडीआर अंधाराला सावकाश प्रतिसाद देतो, त्यामुळे लाट दोन्ही बाजूंनी सारखी गोल राहत नाही. "हा आवाज जरा तुटक वाटतो आणि तो गुळगुळीत", असं जे लोक म्हणतात त्यामागे पुष्कळदा हे कारण असतं. बघा, "तुटक" या विशेषणाला असा आधार मिळाला की ते लगेच उपयोगी होतं.

आजच्या साध्या ट्रेमोलो पेडलवर साधारण तीन नॉब असतात. बॉसच्या टीआर-२ वर ते रेट, वेव्ह आणि डेप्थ या नावांनी आहेत. रेट म्हणजे लाटेचा वेग. डेप्थ म्हणजे आवाज किती खाली जाणार. वेव्ह म्हणजे लाटेचा आकार. एका टोकाला उतरंड मऊ, दुसऱ्या टोकाला आवाज चालू-बंद, चालू-बंद.

डेप्थबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते: "पेडल चालू केलं की आवाज पडतो." याचं एक कारण साधं गणित आहे. साइन आकाराची लाट आवाजाला शून्य आणि पूर्ण यांच्यामध्ये हलवत असेल, तर सिग्नलची परिणामी पातळी मूळच्या सुमारे ०.६१ पट होते, म्हणजे साधारण ४.३ डेसिबलची घट. निम्मा वेळ पूर्ण चालू आणि निम्मा वेळ पूर्ण बंद असा चौकोनी आकार घेतला तर घट ३ डेसिबल. पेडल आवाज फक्त कमी करत असेल, वरच्या बाजूने भर घालत नसेल, तर ही घट होणारच. म्हणून काही पेडल्सवर वेगळा व्हॉल्यूम नॉब दिलेला असतो. तक्रार खरी आहे, पण म्हणून पेडल बिघडलंय असं नाही. निरीक्षण आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष यांच्यात किती अंतर असू शकतं, हे इथे लक्षात ठेवा.

आता वेगाकडे या, कारण आपला मुख्य मुद्दा तिथे आहे. गिटारचे ट्रेमोलो साधारणपणे सेकंदाला एक-दोनपासून दहाच्या आसपास लाटा करतात. ऐकण्याच्या मानसशास्त्रात, विशेषतः झ्विकर आणि फास्टल यांच्या कामात, आवाजाच्या चढउताराची जाणीव सेकंदाला सुमारे ४ वेळा हलणाऱ्या आवाजात सर्वांत तीव्र असते असं दिसतं. वेग खूप वाढवला, सेकंदाला २० च्या आसपास आणि पुढे नेला, की वेगळे चढउतार कानाला सुटे ऐकू येत नाहीत आणि आवाज खरखरीत वाटू लागतो. म्हणजे ट्रेमोलो ज्या पट्ट्यात काम करतो, तो नेमका आपण ठोके मोजू शकतो, पाय हलवू शकतो, शब्दांची अक्षरं उच्चारू शकतो, त्या वेगांचा पट्टा आहे. कान त्याला पोत म्हणून ऐकायच्या आधी ठेका म्हणून ऐकतो. माझ्या म्हणण्याचा आधार हाच.

तीन रेकॉर्ड, तीन नाती

पहिली रेकॉर्ड १९५५ ची, शिकागोच्या चेस कंपनीच्या चेकर लेबलवर आलेली, बो डिडलीची, त्याच्याच नावाचं गाणं. त्यातल्या ठेक्याला पुढे "बो डिडली बीट" असंच नाव पडलं. गिटारवर ट्रेमोलो आहे आणि सोबत जेरोम ग्रीनचे माराकस. हाताचे ठोके तुटक आणि ठाम, त्यांच्या मधल्या जागा मात्र रिकाम्या नाहीत. तिथे ट्रेमोलोची थरथर आणि माराकसची सळसळ जवळजवळ एकाच जातीचं काम करतात. माझ्या कानाला इथे पुढारपण पूर्ण हाताचं आहे. यंत्र मागे राहून भरण घालतं. कॉर्ड फारशा बदलतच नाहीत, तरी गाणं एका जागी बसल्यासारखं वाटत नाही, याचं बरंचसं श्रेय या थरथरीला द्यायला हवं.

दुसरी रेकॉर्ड १९६६ ची, नॅन्सी सिनात्राने गायलेलं "बँग बँग". गाणं सॉनी बोनोचं आणि त्याच वर्षी आधी शेरने गायलेलं. नॅन्सीच्या रेकॉर्डमध्ये जवळजवळ काहीच नाही: तिचा आवाज आणि बिली स्ट्रेंजची खोल ट्रेमोलो लावलेली गिटार. ड्रम नाहीत. २००३ च्या "किल बिल" या सिनेमाच्या सुरुवातीला ती वाजल्यामुळे तुमच्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. आता नीट ऐका. नॅन्सी ठेक्याला बांधलेली नाही. ओळीच्या शेवटी ती रेंगाळते, थांबते, पुन्हा सुरू करते. गिटारही तिच्यासाठी थांबते. पण लाट थांबत नाही. कॉर्ड विरत जाते, तरी त्या विरणाऱ्या आवाजात लाट त्याच वेगाने चालू राहते. दोन माणसं आपापल्या मर्जीने वेळ ताणतायत आणि मध्ये एक यंत्र आपल्या वेळेने निर्विकार चाललंय. लहानपणीच्या लुटुपुटीच्या गोळीबारापासून सोडून जाण्यापर्यंत येणाऱ्या त्या गाण्यात जे गार वाटतं, ते मला या विसंगतीतून येतं असं वाटतं. इथे यंत्र कोणाच्याच मागे चालत नाही. आणि तेच बरोबर आहे.

तिसरी रेकॉर्ड द स्मिथ्स या इंग्रज बँडची, "हाऊ सून इज नाऊ?". ती १९८४ मध्ये दुसऱ्या एका गाण्याच्या बारा इंची रेकॉर्डवर मागच्या बाजूला आली आणि १९८५ च्या सुरुवातीला स्वतंत्र सिंगल म्हणून निघाली. साडेसहा मिनिटांहून मोठं गाणं, आणि त्याच्या मुळाशी सुरुवातीपासून हलणारी ती प्रसिद्ध गिटार. इथे लाट भरण नाही आणि परकीही नाही. लाट म्हणजेच ठेका. जॉनी मार कॉर्ड धरतो, ती चिरून तिचे तुकडे यंत्र करतं, आणि गाणं त्या तुकड्यांवर चालतं. वरून स्लाइड गिटारची आरोळी येते. ती सुरांच्या उंचीवरून घसरत जाते, कुठल्याच ठोक्यावर उभी राहत नाही. खाली लहानमोठेपणा हलतोय कडक शिस्तीत, वर उंची हलतेय मोकाट. नादाच्या दोन गुणांना दोन वेगळ्या शिस्ती लावलेल्या आहेत. माझ्या मते या गाण्याची खरी रचना ही आहे. "गडद वातावरण" वगैरे जे लिहिलं जातं ते याचा परिणाम आहे.

एक उणीवही सांगितली पाहिजे. इतका वेळ सारखीच लाट चालू राहिली की कान तिला सरावतो. पहिल्या मिनिटात ती घटना असते, पाचव्या मिनिटापर्यंत ती जमीन होते. गाणं तरतं ते वरच्या स्लाइडमुळे. तिच्याशिवाय नुसती लाट सहा मिनिटं टिकली असती असं मला वाटत नाही.

साक्षीदाराची तपासणी

याच गाण्यात नावाचा घोळ पुन्हा समोर येतो. मारने नंतरच्या मुलाखतीत सांगितलेली कृती अशी: मूळ गिटार एपिफोन कॅसिनोवर, ट्विन रिव्हर्बमधून, इफेक्ट न लावता रेकॉर्ड केली. मग तो ट्रॅक चार जुन्या ट्विनमधून परत वाजवला आणि त्या चारही अँम्प्लिफायरांचा इफेक्ट गाण्याशी आणि एकमेकांशी जुळवत ठेवायचा प्रयत्न केला. तो जुळत राहत नसल्यामुळे दहा-दहा सेकंदांच्या तुकड्यांत, थांबत-थांबत रेकॉर्डिंग केलं. निर्माता होता जॉन पोर्टर.

या मुलाखतीत मार इफेक्टसाठी शब्द वापरतो तो व्हायब्रॅटो. साहजिक आहे, पॅनेलवर तसंच छापलंय. आता मूळ साधनाला प्रमाण मानणारा विद्यार्थी काय लिहील? "मारने सुराची उंची हलवली." साधन अस्सल, साक्षीदार प्रत्यक्ष हजर असलेला, अवतरण अचूक, तरी वाक्य चुकीचं. साक्षीदार खोटं बोलत नाहीये. त्याच्या तोंडी असलेला शब्द कारखान्यातून आलाय, आणि तो कुठून आला हे शोधणं आपलं काम.

मग त्याच मुलाखतीतल्या दहा सेकंदांवर तरी विश्वास ठेवावा का? इथे थोडं गणित करून बघू. सोयीसाठी समजा, गाण्याला सेकंदाला ६ लाटा हव्या आहेत. नॉब किंचित चुकला आणि यंत्र ६.२ लाटा करतंय. मग दर सेकंदाला ०.२ आवर्तनाचा फरक साचतो. अडीच सेकंदांत लाट बरोबर उलटी होते: जिथे आवाज मोठा हवा तिथे लहान. पाच सेकंदांत ती पूर्ण एक आवर्तन पुढे जाऊन क्षणभर पुन्हा जुळते.

आता उलट बाजूने. पाव आवर्तन सरकलं की पकडलं जाईल असं धरू. सेकंदाला ६ लाटांच्या वेगात पाव आवर्तन म्हणजे सुमारे ४२ मिलिसेकंद. दहा सेकंदांत त्याहून जास्त सरकू नये तर वेगातली चूक ०.०२५ पेक्षा कमी हवी, म्हणजे सुमारे ०.४ टक्के. १ ते १० आकडे असलेल्या नॉबवर हाताने इतकं साधणं कठीण, पण अशक्य नाही. मात्र पूर्ण गाणं एका दमात करायचं म्हटलं, साधारण ४०० सेकंद, तर चूक ०.०१ टक्क्याच्या आसपास राहायला हवी. तीही चार वेगळ्या अँम्प्लिफायरांवर एकाच वेळी. हाताने ते होणार नाही. दहा सेकंदांचे तुकडे ही फुशारकी वाटत नाही. ती त्या यंत्रांची मर्यादाच बोलतेय. साक्षीचा एक शब्द आपण नाकारला आणि एक आकडा स्वीकारला. दोन्ही वेळा निकष साक्षीच्या बाहेरचा होता. एकदा कान, एकदा गणित.

"टेम्पोला जुळवा" हा नियम

आज हे सगळं सोपं झालंय. टॅप टेम्पो असलेल्या पेडलवर पायाने दोन-चार ठोके द्या, ते मधलं अंतर मोजून लाटेचा वेग बसवतं. संगणकावर रेकॉर्ड करत असाल तर लाट थेट गाण्याच्या घड्याळाला बांधता येते. त्यामुळे नवशिक्यांना पहिला सल्ला मिळतो: ट्रेमोलो नेहमी टेम्पोला जुळवा.

हा सल्ला दोन ठिकाणी लंगडा पडतो. पहिलं, "जुळणं" या एका शब्दात तीन गोष्टी कोंबल्या आहेत. वेग सारखा असणं ही एक. लाटेचा माथा नेमका ठोक्यावर येणं ही दुसरी. वेग अगदी सारखा असूनही माथा दोन ठोक्यांच्या मध्ये पडू शकतो. आणि बँड पुढेमागे झाला तर लाटेने त्याच्यामागे जाणं ही तिसरी. टॅप टेम्पो मुख्यतः पहिली गोष्ट देतो. क्लिकशिवाय वाजवणारा जिवंत बँड टेम्पो जरासा हलवतोच, मग एकदा बसवलेला वेगही थोड्या वेळात सुटतो आणि लोक पेडलला दोष देतात.

दुसरं जास्त महत्त्वाचं. जुळवणं ही निवड आहे आणि तिला अर्थ आहे. "हाऊ सून इज नाऊ?" मधली लाट ठेक्यावरून सुटली असती तर गाण्याचा पायाच गेला असता. "बँग बँग" मधली लाट गायिकेच्या प्रत्येक थांब्याबरोबर वाकवली असती तर त्यातलं ते निर्विकार तिसरं कोणीतरी नाहीसं झालं असतं आणि उरली असती एक सुरेल साथ. एकाच नियमाने एक गाणं वाचतं, दुसरं मरतं. म्हणून परीक्षणात "ट्रेमोलो टेम्पोला छान जुळलाय" हे वाक्य स्तुती म्हणून पुरेसं नाही. जुळल्यामुळे गाण्यात काय घडलं, हे पुढचं वाक्य हवंच.

पेडल प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनाही याचा उपयोग आहे. नॉबला हात लावण्याआधी ठरवा की लाट पुढे चालणार, मागे चालणार की बाजूने आपली आपली. लाटच ठेका होणार असेल तर डेप्थ जास्त, आकार चौकोनीकडे आणि हाताने कमी वाजवा; दोघांनी एकाच वेळी ठेका धरला तर चिखल होतो. लाट भरण म्हणून हवी असेल तर डेप्थ कमी, आकार गोल. पेडलची जागाही ठरवा. ओव्हरड्राइव्हच्या आधी ट्रेमोलो ठेवला तर ओव्हरड्राइव्ह चढउतार दाबून टाकतं आणि आवाज लहान-मोठा होण्यापेक्षा त्याची जातच जास्त बदलते. नंतर ठेवला तर आवाज स्वच्छ कापला जातो. रिव्हर्बच्या आधी ठेवला तर रिव्हर्बची शेपटी लाटेमधल्या खाचा भरून काढते. नंतर ठेवला तर ती शेपटीसुद्धा हलते. १९६० च्या दशकातल्या ट्विन रिव्हर्बसारख्या अँम्प्लिफायरमध्ये क्रम हाच आहे, आधी रिव्हर्ब, मग ट्रेमोलो.

तुम्ही करून बघा

गिटार नसली तरी चालेल. "बँग बँग" चा गिटार एकटी वाजते असा एखादा तुकडा घ्या आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. आवाजाचा आलेख फुगतो आणि बसतो ते डोळ्यांना दिसेल. पाच सेकंदांत किती फुगवटे आहेत ते मोजा, पाचाने भागा, वेग मिळाला. असंच गाण्यातल्या आणखी दोन ठिकाणी करा, जिथे गायिका रेंगाळलीय तिथे मुद्दाम. मी वर म्हटलंय की गाणं ताणलं जातं तरी लाटेचा वेग तोच राहतो. ते माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करू नका, मोजा. भाषाशास्त्रवाल्यांकडे प्राट असेलच. त्यात उंची आणि तीव्रता अशा दोन वेगळ्या रेषा काढता येतात. तीव्रता हलतेय आणि उंची स्थिर आहे असं दिसलं तर तो ट्रेमोलो, पॅनेलवर काहीही छापलेलं असो.

"हाऊ सून इज नाऊ?" वर हेच करायला गेलात तर अडचण येईल. ड्रम आणि इतर गिटारांचे फुगवटे मध्ये घुसतील आणि तुम्ही नक्की काय मोजताय ते कळेनासं होईल. म्हणून सोपं उदाहरण आधी घ्या, पद्धत तिथे पक्की करा, मग अवघडाकडे जा. प्रबंधातसुद्धा हाच क्रम कामाला येतो.

मोजून झालं की एक पान लिहा. अट एकच: पहिल्या परिच्छेदात एकही विशेषण नको. लाटेचा वेग, खोली, आकार, ती ठोक्यावर आहे की नाही, हात थांबल्यावर तिचं काय होतं, एवढंच. दुसऱ्या परिच्छेदात हवी तितकी विशेषणं घाला, पण प्रत्येकाचं बोट पहिल्या परिच्छेदातल्या कुठल्यातरी ओळीकडे दाखवता आलं पाहिजे. जे विशेषण कुठेच बोट दाखवू शकत नाही, ते खोडा. किती उरतात ते बघा, आणि मग आपल्या संशोधन आराखड्याचा पहिला परिच्छेद काढून त्यालाही हीच अट लावा.